मदत हवी आहे: टेनिसची सर्व्हिस पडायची खाली, पलीकडच्या बॉक्समध्ये, मग बॉल वर कसा मारायचा?

मंडळी, इथे कोणी टेनिस खेळणारं असेल तर जरा सांगा.

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला सकाळच्या बॅचला खेळतो. चाळिशी ओलांडली आहे, उंची पाच फूट पाच इंच. फोरहँड-बॅकहँड बरे चाललेत, घोडं अडलंय ते सर्व्हिसवर. पहिली सर्व्ह नेटच्या पांढऱ्या पट्टीत आणि दुसरी इतकी मऊ की समोरचा दोन पावलं पुढे येऊन ठोकतो. सर म्हणतात, "वर मारा, वर!" वर मारलं की बॉल थेट पलीकडच्या कुंपणावर.

फोन कुंपणाला टेकवून स्लो-मोशनमध्ये शूट केलं. टॉस, म्हणजे बॉल हाताने वर उडवणं, जरा उंच जातो, बाकी ठीक आहे. रॅकेट मागे जाते तेव्हा मात्र तारा आकाशाकडे उताण्या दिसतात, डावा हात केव्हाच खाली आलेला असतो, आणि बॉल लागायच्या आधीच माझी छाती नेटकडे वाकलेली असते. ग्रिप, म्हणजे रॅकेटची पकड, फोरहँडचीच आहे. ती बदलू का? आणि 'वर' म्हणजे नक्की काय वर न्यायचं?

प्रतिसाद १

आधी हिशोब बघा, म्हणजे सर काय म्हणतात ते पटेल. तुमच्या उंचीला बॉल साधारण अडीच मीटरवर लागतो. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपासून, नेट 11.885 मीटर, तिथून सर्व्हिस लाइन, म्हणजे बॉक्सची मागची रेषा, 6.40 मीटर. अडीच मीटरवरून सर्व्हिस लाइनपर्यंत सरळ दोरी ताणली तर नेटपाशी ती साधारण 87 सेंटिमीटरवर येते. नेट मधोमध 91.4 सेंटिमीटर! म्हणजे खाली नेम धरून सरळ मारलेली तुमची सर्व्ह नेटमध्येच जाणार, दोष नशिबाचा नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास मारत असाल तर बॉल रॅकेटवरून जवळपास आडवा निघायला हवा. सेकंड सर्व्ह त्याहून हळू, म्हणून ती थोडी वरच निघते. खाली आणायचं काम गुरुत्वाकर्षण आणि टॉपस्पिन, म्हणजे बॉलची पुढच्या बाजूला फिरणारी गिरकी, करतात.

आता तुमचा खरा प्रश्न. वर जायची आहे ती रॅकेट, तारांचं तोंड नव्हे. बॉल लागताना तारा जवळजवळ उभ्या असतात आणि त्याच वेळी रॅकेट खालून वर चाललेली असते. बॉल घासला जातो, स्पिन येतो. फोरहँड ग्रिपने तारा मागे उताण्या होतात, वेटर ट्रे धरतो तशा. तिथून जोर लावून वर मारलं की बॉल कुंपणावर जाणारच. तेव्हा हो, ग्रिप बदला. कॉन्टिनेंटल घ्या, म्हणजे हातोडा धरतो तशी पकड. रॅकेटची कड पुढे ठेवून ती वर जाऊ द्या, आणि अगदी शेवटी कोपरापुढचा हात असा फिरवा की तळवा बाहेर वळेल.

डावा हात थोडा जास्त वेळ वर ठेवा. तो लवकर पडला की खांदा पडतो, मग छाती.

धागाकर्ता

दोरीचा हिशोब कागदावर करून पाहिला, बरोबर आहे. एवढं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. कॉन्टिनेंटल घेतल्यापासून मात्र बॉल सगळे डावीकडे पळतात. शिवाय मनगटाने झटका द्यायचा मोह होतो.

प्रतिसाद २

उजव्या हाताने खेळणाऱ्या प्रत्येकाचे सुरुवातीला डावीकडेच जातात. हात फिरायच्या आधीच बॉल लागतोय. स्विंग उजव्या नेटपोस्टच्या दिशेने बाहेर सोडा आणि तळवा वळू द्या. मनगटाचा झटका नको, मूठ सैल ठेवा. ग्रिप आवळलेली असली तर हात फिरतच नाही.

एक ड्रिल सांगतो. बेसलाइनवर दोन्ही गुडघे टेकून सर्व्ह करा, खाली जुना टॉवेल घ्या, नाहीतर हार्ड कोर्टवर सालटं निघतील. तिथून बॉल खाली मारला तर तो नेटवरून जातच नाही, हात आपोआप वर धावतो. बॉक्सची चिंता नको, नेटवरून चांगला मीटरभर उंच गेला की पुरे. पाच-सात बॉल नीट गेले की उभं राहून तसाच स्विंग करा. खांदा दुखत असेल तर मात्र हे थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ता

गुडघ्यावरचं उद्या सकाळी करतो. बॅचमधली पोरं हसतील, हसू देत. टॉस किती उंच ठेवायचा? माझा फार वर जातो आणि वारं असलं की भरकटतो.

प्रतिसाद २

हात आणि रॅकेट पूर्ण ताणून जिथे पोचते त्याच्या जेमतेम वर. बॉल पडायला लागताच मारा, वाट बघू नका. वाऱ्यात तर आणखी कमी करा.