'मूठभर' लोकांसाठी कायदा का बदलायचा?

पायवाट: काल इथे एकाने लिहिलं, "समलिंगी मूठभर. तरुण पिढी बहुसंख्य झाली की कायदे आपोआप बदलतील, घाई कशाला?" डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. 11 डिसेंबर 2013 ला समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377 कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलं होतं: संख्या अत्यल्प, दीडशे वर्षांत खटले दोनशेच्या आत. 6 सप्टेंबर 2018 ला तो निकाल गेला. मधल्या पावणेपाच वर्षांत लोकसंख्या अशी किती बदलली? हक्क डोकी मोजून द्यायचे नसतात.

कातळ: ते मीच लिहिलं होतं. 2018 ला गुन्हा गेला, मान्य. लग्नाचं काय झालं? 17 ऑक्टोबर 2023 ला न्यायालयाने तो विषय संसदेचा म्हटलं. तिथे डोकीच मोजतात. आयर्लंडमध्ये 2015 च्या सार्वमतात 62 टक्के 'हो' म्हणाले, परदेशी गेलेली पोरं मतासाठी घरी परतली. तरुणांमुळेच ना?

पायवाट: युगांडा जगातल्या सर्वांत तरुण देशांपैकी. 2023 चा त्यांचा समलिंगीविरोधी कायदा फाशीपर्यंत जातो. म्हाताऱ्या जर्मनीने 2017 मध्ये लग्न मान्य केलं. बसवा तुमचा नियम.

दौत: आधी 'मूठभर' मोजले कुणी ते सांगा. 2012 मध्ये सरकारने न्यायालयाला 25 लाख सांगितले. जनगणनेत तर हा प्रश्नच नसतो. 2011 ला मी प्रगणक होते. पुरुष 1, स्त्री 2, इतर 3. एका घरी पाणी घेऊन आलेल्या लेकराकडे न बघताच वडील म्हणाले, "1 लिहा." ते माझ्या पेनाकडे बघत उभं राहिलं. मी 1 लिहिलं. अजून बोचतं.

खडूफळा: जनगणनेचं नावच काढू नका! तोंडावर परीक्षा, आणि फेब्रुवारीभर आम्ही दारोदार. दरवेळी शिक्षकच का जुंपायचे?

कातळ: विषय काय, चाललंय काय! दौतताई, तृतीयपंथी वेगळे, समलिंगी वेगळे. 2011 चे 4 लाख 87 हजार 'इतर' इथे आणू नका.

दौत: फरक मला शिकवू नका. घरचेच लपवतात, तिथे दोन्ही आकडे खोटे. 377 डोक्यावर असताना कोण सांगणार होतं, "हो, मी आहे"? आधी गुन्हा ठरवायचा, मग म्हणायचं संख्या कमी!

खडूफळा: हे मात्र पटलं. आमच्या याद्यांत घरचे सांगतील तेच उतरायचं.

पायवाट: आम्ही दोघं आतेभाऊ-मामेभाऊ सांगून भाड्याने राहायचो. रोज सकाळी दुसरी गादी अंथरून, चादर चुरगाळून ठेवायची, घरमालक आले तर दिसावी म्हणून. सहा वर्षं. कातळ, अजून किती सकाळी थांबायचं?

कातळ: 'मूठभर' मागे घेतो. बहुमताशिवाय लग्नाचा कायदा होणार नाही, हे नाही घेत.

पायवाट: नका घेऊ. पण आपोआप होईल, असंही लिहू नका.

खडूफळा: दौतताई, पुढच्या गणनेत हा प्रश्न असावा?

दौत: असावा. पण वडिलांसमोर विचारायचा नाही.