प्रति: दोन वर्षांत वसूल?

वर कुणी म्हटलंय, अभिमत (म्हणजे खाजगी, महागड्या) विद्यापीठात एमएस सर्जरीला, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सर्जनच्या पदवीला, फीत कोटभर गेले तरी दोन वर्षांत वसूल. कसे बुवा? कोटीच्या कर्जावर १० टक्क्यांनी वर्षाचं नुसतं व्याजच १० लाख, म्हणजे महिन्याला ८३ हजार. मुद्दल जागच्या जागी. शिवाय आज नुसत्या एमएसवर ठाण्यात कोण विचारतं? घोडबंदरच्या कुठल्याही हॉस्पिटलचा बोर्ड वाचा, एमसीएच (एमएसच्या पुढची सुपरस्पेशालिटी पदवी) नाहीतर लॅप्रोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनची, फेलोशिप. एमसीएच म्हणजे नीट-एसएस ही आणखी एक प्रवेश परीक्षा आणि आणखी ३ वर्षं.

मला फीपेक्षा हाताला काय मिळतं ते महत्त्वाचं वाटतं. कळव्याच्या पालिका रुग्णालयात रात्री अपेंडिक्स, फुटलेला अल्सर, रेल्वे अपघात येतच राहतात. रेसिडेंटला (शिकाऊ सर्जनला) झोप नाही, पण सुरी हातात येते. आमची भाची एका खाजगी कॉलेजात आहे. तिथे पेशंट पैसे भरून पॅकेज घेतलेला, त्याला ऑपरेशनला मोठे सरच हवेत. ही तासभर रिट्रॅक्टर (जखम उघडी ठेवायचा आकडा) धरून उभी. (स्टायपेंड वेळेवर मिळतो का, ते विचारूच नका.)

आणि २०२३ मध्ये नीट-पीजीचा (एमएसच्या प्रवेश परीक्षेचा) कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला, म्हणजे परीक्षा दिलेला कुणीही पात्र, तेव्हा रिकाम्या जागा कुणाच्या खिशाला परवडणार होत्या, तेही बघा.