देशाचा प्रमुख थेट जनतेने निवडावा की निर्वाचकांनी? आपल्या भागातल्यांची मतं हवीत

दर्यापूरकर
अमेरिकेत २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं पडली, पण अध्यक्ष ट्रम्प झाले. २००० साली अल गोर यांच्याबाबतीतही हेच घडलं. तिथे लोकांच्या मतांतून ५३८ निर्वाचक, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, ठरतात, आणि ज्याच्या बाजूने २७० तो अध्यक्ष. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पुढे, त्याला तिथले सगळे निर्वाचक. दुसऱ्या बाजूची लाखो मतं तिथेच संपली.

मला हे मान्य नाही. ज्याच्या हाती खरी सत्ता जायची, तो थेट लोकांच्या मतानेच यावा. मतदार थोडे असले की त्यांना गोळा करणं सोपं होतं, हे आपल्या गावांनी पाहिलंय. सरपंच सदस्यांतून निवडायचा असला की निकालाच्या रात्रीच सदस्य गाडीत बसून देवदर्शनाला जातात, फोन बंद होतात आणि माणसं उगवतात ती एकदम सरपंच निवडीच्या सभेला. गावाने ज्यांना निवडून दिलं, ते कुठे आहेत हे गावालाच ठाऊक नसतं.

धानपट्टा
लहान राज्यांच्या बाजूने पाहा ना. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत आणि निर्वाचक ३. कॅलिफोर्निया चार कोटींच्या आसपास, निर्वाचक ५४. नुसती डोकी मोजली तर वायोमिंगला विचारणार कोण?

आता महाराष्ट्राचा मुख्यमंत्री थेट निवडायचं ठरलं असं धरा. सभा होतील मुंबई, ठाणे, पुण्यात. आरमोरी, गडचिरोली, अहेरी हे आमच्या जिल्ह्याचे तीन आमदार आहेत, सरकार बनवताना त्यांची गरज पडते, म्हणून तरी आमचं नाव निघतं. २८८ मध्ये विदर्भाचे ६२ आहेत, तेवढंच आपलं बळ. ते घालवून तुम्ही विदर्भाला काय मिळवून देणार?

कपाशीवाला
धानपट्टा भाऊ, वायोमिंगात प्रचाराले जाते तरी कोन? उमेदवार फिरतात पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिनमध्ये, जिथं सामना अटीतटीचा असते. जिथला निकाल आधीच ठरला, तिथं कोनी फिरकत नाई, राज्य लहान असो का मोठं. मंग लहानाले फायदा कोनता झाला?

अन् माह्या जिवाले लागलेली गोष्ट बाजार समितीची. कापूस आमचा, तूर आमची, मोजमाप आमच्या मालाचं. पण संचालक निवडतात सोसायटीचे संचालक अन् ग्रामपंचायतीचे सदस्य. २०१७ साली शेतकऱ्याले थेट मत देलं, २०२० मध्ये काढून घेतलं. आता काट्यावर अन्याय झाला तं मी कोनाले जाब विचारू? त्याले तं माह्या मताची गरजच नाई!

आर्वीचा वकील
बाजार समितीचं दुखणं खरं आहे, पण त्यावरून सगळी अप्रत्यक्ष निवडणूक वाईट ठरत नाही. घटना समितीत के. टी. शहा यांनी १९४८ साली राष्ट्रपती थेट निवडावा अशी सूचना मांडली होती, ती मान्य झाली नाही. डॉ. आंबेडकरांची भूमिका स्पष्ट होती: आपला राष्ट्रपती नामधारी, कारभार मंत्रिमंडळाचा. कोट्यवधी मतं घेऊन आलेला राष्ट्रपती उद्या पंतप्रधानाला म्हणेल, जनतेने मलाच निवडलंय. मग सरकार कोणाचं ऐकणार?

शिवाय राष्ट्रपती खासदार-आमदारांनी निवडायच्या आपल्या पद्धतीत राज्यांचा तोलही सांभाळलाय. आमदाराच्या मताचं मूल्य १९७१ च्या जनगणनेवर ठरतं: महाराष्ट्रात १७५, उत्तर प्रदेशात २०८, सिक्कीममध्ये ७. राज्यातल्या राज्यात मात्र अहेरीच्या आमदाराचं मत मलबार हिलच्या आमदाराइतकंच. आणि आमदार पाच वर्षं आपल्यासमोर असतो. अमेरिकेतला निर्वाचक मतापुरता येतो आणि जातो.

दर्यापूरकर
राष्ट्रपतीबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, कारण पद नामधारी आहे. माझा रोख कारभार करणाऱ्या पदावर आहे.

धानपट्टा
मग थेट सरपंचाचा अनुभव काय? २०१७ ला कायदा आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. सरपंच एका पॅनलचा, बहुमत दुसऱ्याचं, अशा गावांत ठराव अडतात, नळयोजनेचं काम रखडतं. सदस्यांतून आलेल्या सरपंचामागे निदान बहुमत तरी असतं.

दर्यापूरकर
ठराव अडतात हे नाकारत नाही. पण अडवणारा कोण, हे गावाला दिसतं, आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा हिशेब करता येतो. थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आणला तर तो ग्रामसभेपुढे न्यावा लागतो. म्हणजे पाडायचा तरी गावासमोर, गावाच्या मताने. देवदर्शनाच्या गाडीत झालेल्या सौद्यावर गावाला असा कोणता इलाज आहे, तेवढं सांगा.