बेसा ते जामठा : प्लॉट-फ्लॅटचा भाव वाढलाय की फुगलाय, हे मोजायचं कसं?

मोजणीदार (प्रश्न)

एमबीएच्या प्रबंधासाठी केस आणि शिलर या प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या घरांच्या किमतींवर केलेलं काम समोर ठेवलं आहे. तीच पद्धत नागपुरातल्या मनीषनगर, बेसा आणि वर्धा रोडवर जामठ्यापर्यंतच्या भागाला लावायची आहे. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून २०१५ पासूनच्या सूची दोन (नोंदलेल्या दस्तांचा रकान्यांतला गोषवारा) काढणं सुरू आहे. दरवर्षीचा सरासरी भाव प्रति चौरस फूट काढला, तर रेघ वर जाते. २०१७ नंतर फ्लॅटमध्ये एक मोठी पायरी दिसते आणि २०२० च्या डिसेंबरात दस्तांची गर्दी.

एवढ्यावरून फुगा, म्हणजे नुसत्या भाववाढीच्या आशेवर चढलेला भाव, म्हणता येईल का? आणि भाड्याचा हिशेब यात कुठे बसवायचा? भाव वाढून राहिले हे सगळेच सांगतात, मला ते सिद्ध करता यायला हवं.

सूचीदोन

भाऊ, आधी ती सरासरी बाजूला ठेवा. एका वर्षी बेसा चौकालगतचे प्लॉट जास्त विकले गेले आणि पुढच्या वर्षी आतल्या लेआउटमधले, तर कुणाच्याच प्लॉटचा भाव न हलता सरासरी खाली येईल. केस-शिलर पद्धतीचा गाभा हाच आहे : तीच मालमत्ता दोनदा विकली गेली, तेवढेच व्यवहार धरायचे. मूळ कल्पना बेली, मथ आणि नॉर्स यांची, १९६३ ची.

जोडी लावताना मौजा, खसरा क्रमांक आणि प्लॉट क्रमांक तिन्ही जुळले पाहिजेत. फ्लॅट असेल तर इमारत, मजला आणि फ्लॅट क्रमांकही. प्रत्येक जोडीसाठी दुसरी किंमत भागिले पहिली किंमत, आणि त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. १२ लाखांचा प्लॉट १८ लाखांना गेला तर १.५ चा लॉग, म्हणजे ०.४०५. मग प्रत्येक वर्षाचा एक रकाना करा : पहिल्या विक्रीच्या वर्षाखाली उणे १, दुसऱ्या विक्रीच्या वर्षाखाली अधिक १, बाकी शून्य. पायाभूत वर्षाचा रकाना गाळा, स्थिरांक ठेवू नका आणि रिग्रेशन चालवा. प्रत्येक वर्षाचा सहगुणक घातांकी करून १०० ने गुणला की निर्देशांक तयार. दोन विक्रींमध्ये अंतर जितकं जास्त तितकी चूक मोठी, म्हणून दुसऱ्या फेरीत लांब अंतराच्या जोड्यांना कमी वजन द्या. जोड्या कमी असतील तर तिमाही काढायचा मोह टाळा, वार्षिकच ठेवा.

आता तुमची २०१७ ची पायरी. महारेरा १ मे २०१७ पासून आलं आणि करारात कार्पेट क्षेत्र (भिंतींच्या आतलं, वापरातलं) लिहिणं सार्वत्रिक झालं. समजा ४० लाखांचा फ्लॅट आहे. बिल्ट-अप १००० फूट लिहिलं तर भाव ४,०००. तोच फ्लॅट कार्पेट ८०० फूट लिहिला तर ५,०००. एक रुपयाही न वाढता २५ टक्के वाढ! जोडीच्या पद्धतीत एकूण मोबदला घेतो म्हणून ही चूक आपोआप जाते. प्लॉटमध्ये मात्र चौरस मीटर आणि चौरस फूट यांची सरमिसळ तपासा, १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट.

डिसेंबर २०२० ची गर्दी मुद्रांक शुल्काच्या सवलतीची. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० शुल्क ३ टक्क्यांनी कमी होतं, जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये २ टक्क्यांनी. डिसेंबरात सही करून नोंदणीला चार महिने मिळतात, म्हणून सूची दोनच्या रकाना १० मधला नोंदणीचा दिनांक घेऊ नका, रकाना ९ मधला दस्त करून दिल्याचा दिनांक घ्या.

गाळायचे दस्त : बक्षीसपत्र, हक्कसोड, वाटणीपत्र, आणि एकाच आडनावाचे संशयास्पद व्यवहार. बिल्डरकडून झालेला करारनामा आणि नंतरचं विक्रीपत्र ही दोन विक्री नव्हेत. रकाना १२ मध्ये मुद्रांक १०० रुपयांसारखा नाममात्र दिसला की समजा, शुल्क आधीच करारनाम्यावर भरलेलं आहे.

खसरा_प्लॉट_नंबर

वरचं सगळं फ्लॅटला छान लागू होतं. प्लॉटला लावताना दोन ठिकाणी फसगत होते.

पहिली, तोच प्लॉट हा तोच राहत नाही. २०१६ मध्ये शेतजमिनीवरच्या लेआउटमधला विनापरवाना तुकडा, २०२१ मध्ये गुंठेवारीत नियमित होऊन आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) मिळालेला प्लॉट. त्यावर बँक कर्ज देते, नकाशा मंजूर होतो. भावातली ती उडी कागदाची आहे, बाजाराची नाही. म्हणून दोन्ही विक्रींच्या वेळी आरएलची स्थिती सारखी असलेल्या जोड्याच धरा. जोड्या निम्म्या उरल्या तरी चालेल.

दुसरी, मोबदल्याचा आकडा. खरा भाव २० लाख, दस्तात ६० टक्के म्हणजे १२ लाख. पाच वर्षांनी खरा भाव २४ लाख, पण आता दस्तात ८५ टक्के, म्हणजे २०.४ लाख. खरी वाढ २० टक्के, तुमच्या निर्देशांकात ७० टक्के! लपवलेला हिस्सा दोन्ही वेळा सारखा असेल तर काही बिघडत नाही, तो बदलला की सगळं बिघडतं. तपासायला रकाना २ मधला मोबदला भागिले रकाना ३ मधला बाजारभाव (हा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दराने काढलेला असतो) काढा आणि वर्षवार आलेख करा. बरोबर १.०० वर ढीग पडला असेल, तर तुम्ही बाजार मोजत नसून रेडी रेकनर मोजताय. आणि रेडी रेकनर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी बदललेलाच नव्हता.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इसारपावती, म्हणजे विक्रीपत्राआधी बयाणा देऊन केलेली चिठ्ठी. तेजीत प्लॉट इसारावरच दोन-तीन हात फिरतो आणि विक्रीपत्र शेवटच्याच्या नावाने होतं. सट्टा जिथे सगळ्यात जास्त, तिथेच सूची दोन आंधळी. पण एक खूण उरते. मूळ दस्तात मालकासोबत ‘संमती देणार’ म्हणून तिसरं नाव येतं, तो बहुधा मधला इसारवाला. वर्षवार १०० दस्त यदृच्छेने काढा आणि किती दस्तांत संमती देणार आहे ते मोजा. हे प्रमाण वाढत गेलं तर मला ते निर्देशांकापेक्षा मोठा पुरावा वाटतं.

भाडेपट्टी

भाड्याचा हिशेब मी सांगतो, आणि माझ्या मते प्रबंधाचं मुख्य प्रकरण तेच व्हायला हवं.

घर वापरण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या टक्क्यांत काढा : व्याज, अधिक देखभाल आणि घसारा, अधिक मालमत्ता कर, उणे अपेक्षित भाववाढ. समतोल असेल तर हा आकडा भाड्याच्या परताव्याइतका यायला हवा. पोतर्बा यांनी १९८४ मध्ये हे घरांना लावून दाखवलं.

समजा फ्लॅट ६० लाखांचा, भाडं महिना १५,०००. वर्षाचे १.८ लाख, म्हणजे ३ टक्के. व्याज ८.५, देखभाल १, कर ०.३, एकूण ९.८. यातून ३ गेले, उरले ६.८. म्हणजे आजची किंमत टिकायला घेणाऱ्याच्या मनात दरवर्षी ६.८ टक्के वाढ कायमची गृहीत आहे. उद्या तोच माणूस ४.८ टक्केच धरायला लागला, तर खर्च ५ टक्के होतो आणि १.८ लाख भागिले ०.०५ म्हणजे ३६ लाख. अपेक्षा दोनच टक्क्यांनी उतरली आणि किंमत ४० टक्क्यांनी. सगळी नाजूक जागा इथे आहे.

प्लॉटला तर भाडंच नाही. व्याज ८.५, कर आणि राखण ०.५ धरले तर ९ टक्के. या दराने आठ वर्षांत रक्कम दुप्पट होते. म्हणजे २० लाखांचा प्लॉट आठ वर्षांनी ४० ला विकला, तर नफा शून्य.

मोजणीदार

६.८ टक्के ही अपेक्षा खरंच लोकांच्या मनात आहे का, हे कसं कळणार? आणि सलग तीन वर्षं वाढ, हा पुरावा धरू का?

भाडेपट्टी

सलग वाढ हा पुरावा नाही. केस-शिलर यांनी १९८९ मध्येच दाखवलं की शहरातल्या किमतीत एका वर्षी जो बदल होतो, त्याच्या २५ ते ५० टक्के बदल पुढच्या वर्षी त्याच दिशेने होतो. घरांचा बाजार हळूच हलतो, फुगा नसतानाही.

अपेक्षा विचारूनच कळते. त्यांनी १९८८ मध्ये ऑरेंज काउंटी, सॅन फ्रान्सिस्को, बोस्टन आणि मिलवॉकी इथल्या नुकतंच घर घेतलेल्यांना प्रश्नावली पाठवली होती. मिलवॉकीत तेजी नव्हती, ते तुलनेसाठी होतं. तुम्हीही बेशाबरोबर नंदनवनसारखी जुनी, भरलेली वस्ती घ्या. प्रश्न दोन वेगळे ठेवा : ‘पुढच्या १२ महिन्यांत किती टक्के?’ आणि ‘पुढची १० वर्षं दरवर्षी सरासरी किती टक्के?’ वरच्या ६.८ शी दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचीच तुलना करायची. ‘भाव वाढतील का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात.

सूचीदोन

एक राहिलं. गाइडनी फिलिप्स-शी-यू यांची स्फोटक वाढीची चाचणी सुचवली असेल तर आधी माहितीची लांबी बघा. सर्वांत लहान खिडकी (चाचणीला एका वेळी लागणारा माहितीचा किमान तुकडा) एकूण लांबीच्या ०.०१ अधिक १.८ भागिले निरीक्षणांच्या संख्येचं वर्गमूळ, एवढा हिस्सा. ६० तिमाहींना ती साधारण १५ तिमाहींची होते. तुमच्याकडे वार्षिक दहाबारा आकडे आहेत, त्यात ती निरर्थक. राष्ट्रीय आवास बँकेच्या रेसिडेक्समध्ये (घरांच्या किमतींचा निर्देशांक) नागपूरचा तिमाही आकडा मिळतो, चाचणी त्यावर करा. पण त्यातला एक निर्देशांक बँकांच्या मूल्यांकनावर उभा आहे, म्हणजे कर्ज मिळालेली घरंच त्यात येतात. आरएल नसलेले प्लॉट त्यात नाहीत, हे प्रकरणाच्या पहिल्याच पानावर लिहा.