विषय: भाचीला परदेशात फोटोग्राफी शिकायची आहे, शिष्यवृत्ती कुठे शोधावी?

प्रेषक: शैलेश

नमस्कार मंडळी,

भाची पुण्यात उपयोजित कलेच्या बी.एफ.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विशेष विषय फोटोग्राफी. पुढचं शिक्षण बाहेर करायचं म्हणते, शक्य झालं तर इथे जर्मनीत. घरून फार तर दहा लाख निघतील. ‘फोटोग्राफी स्कॉलरशिप’ असं शोधलं की नुसत्या स्पर्धांच्या जाहिराती येतात. सुरुवात कुठून करायची?

शैलेश

---

प्रेषक: मेधा

शैलेशदादा,

आधी तो शोधायचा शब्द बदला. फक्त फोटोग्राफीसाठी राखलेल्या मोठ्या शिष्यवृत्त्या जवळपास नाहीतच. फोटोग्राफी सापडते ती ललित कला, डिझाइन किंवा दृश्य संवाद या मथळ्यांखाली. डाडची (DAAD, जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) कलाक्षेत्रासाठी स्वतंत्र मास्टर्स शिष्यवृत्ती आहे, तिच्या नावात ललित कला, डिझाइन, दृश्य संवाद आणि फिल्म एवढंच लिहिलेलं असतं. डाडच्या शिष्यवृत्ती यादीत देश भारत निवडा आणि विषय कला. अंतिम तारीखही तिथलीच खरी धरा, इतर संकेतस्थळांवर मागच्या वर्षीच्या तारखा पडून असतात.

दुसरं, शिष्यवृत्तीच्या आकड्याआधी फी बघा. बहुतेक सरकारी कला अकादम्यांत शिकवणी फी नाही, सेमिस्टरचं अंशदान तेवढं भरायचं. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, आणि इतरत्रही एखादी संस्था फी लावते, म्हणून प्रत्येक संस्थेचं पान वेगळं तपासा. फी नसली की शिष्यवृत्तीवर भार पडतो तो राहण्याजेवणाचाच. डाड महिन्याला 992 युरो देतं, वर आरोग्य विमा आणि प्रवासखर्च. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) दाखवायचे 11,904 युरो म्हणजे हेच 992 गुणिले बारा. शिष्यवृत्ती मिळाली तर तिचं पत्र पुरतं, ती रक्कम अडकवावी लागत नाही.

अटींपैकी दोनच लक्षात ठेवा. शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी नको, आणि अर्जाच्या वेळी जर्मनीत 15 महिन्यांपेक्षा जास्त राहणं झालेलं नको. ‘आधी इथे येते, मग अर्ज करते’ म्हणणारी मुलं दुसऱ्या अटीत अडकतात.

घोटाळा होतो तो इथे: डाडचा अर्ज आणि अकादमीचा प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी चालवाव्या लागतात. डाडला अर्ज करताना प्रवेशपत्र नसलं तरी चालतं, नंतर पाठवता येतं. पण अकादमीची माप्पे, म्हणजे कामांची फाइल, आणि कलापात्रता परीक्षा यांच्या तारखा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या. डाडच्या उत्तराची वाट बघत बसलं की प्रवेशाची तारीख निघून जाते, आणि मग मिळालेली शिष्यवृत्तीही वापरता येत नाही.

एसेनचं फोल्कवांग कला विद्यापीठ, लाइपझिगची एचजीबी ही कला अकादमी आणि डॉर्टमुंड इथे फोटोग्राफी स्वतंत्रपणे शिकवतात. हानोफरचा भर वृत्तछायाचित्रण आणि डॉक्युमेंटरीवर आहे. ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत छायाचित्रकार बर्न्ड बेखर 1976 पासून शिकवत होते, आंद्रेआस गुर्स्की आणि थोमास श्ट्रुट हे नामवंत फोटोग्राफर त्यांच्याच वर्गातले, त्यामुळे ते नाव सगळ्यांना माहीत असतं. पण तिथे प्रवेश म्हणजे एखाद्या प्राध्यापकाच्या वर्गात प्रवेश. त्यांचं काम न बघता अर्ज टाकला तर तो वाया जातो.

तुम्ही इथेच आहात, हा तिचा मोठा फायदा आहे. दरवर्षी अकादम्या रुंडगांगसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाच्या प्रदर्शनासाठी, सगळ्यांना खुल्या होतात, लाइपझिग आणि ड्युसेलडॉर्फला हिवाळी सत्राच्या शेवटी. स्वतः जाऊन या. कोणत्या वर्गात काय टांगलंय ते व्हिडिओवर तिला दाखवा आणि तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा की वर्ग कोणत्या भाषेत चालतो. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘जर्मन’ हेच येईल, तेव्हा तिला आत्तापासून भाषेच्या वर्गाला घाला.

मेधा

---

प्रेषक: अभय

मेधाताईंच्या मेलला थोडी जोड देतो, कारण एकाच देशावर सगळं टाकू नये.

महाराष्ट्र सरकारच्या आणि केंद्राच्या परदेश शिष्यवृत्त्यांत (अनुसूचित जातींसाठी आहेत त्या) क्यूएसच्या (जगातल्या विद्यापीठांची क्रमवारी लावणारी संस्था) एकूण क्रमवारीची अट असते. ही अट कलाशाखेच्या मुलांना फार जाचते. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट कला-डिझाइनच्या विषयवार यादीत अव्वल असतं, पण एकाच क्षेत्राची संस्था असल्यामुळे एकूण यादीत ते नसतंच. त्यामुळे अर्ज छाननीतच बाद होतो. यावर उपाय म्हणजे मोठ्या विद्यापीठाच्या पोटातला कला विभाग. एडिंबरा कॉलेज ऑफ आर्ट 2011 मध्ये एडिंबरा विद्यापीठात विलीन झालं, म्हणून तिथे विद्यापीठाचा क्रमांक धरला जातो.

चेव्हनिंग, म्हणजे ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती, सध्या भाचीसाठी नाही. त्याला 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो, शिवाय ते एक वर्षाच्याच मास्टर्ससाठी आहे. दोन वर्षांचं एम.एफ.ए. त्यात बसत नाही.

इनलॅक्स फाउंडेशनची शिष्यवृत्ती मात्र जरूर बघा. 30 वर्षांखालच्या भारतीय नागरिकांसाठी, कमाल 1,00,000 डॉलर. प्रवेश आधी हातात हवा. कोणते विषय वगळले आहेत ती यादी त्या त्या वर्षी वाचा.

हंगेरीची सरकारी शिष्यवृत्ती, स्टिपेंडियम हंगेरिकम, हीसुद्धा विचारात घेण्यासारखी आहे. बुडापेस्टच्या मोहोली-नॉज कला विद्यापीठात फोटोग्राफी आहे. त्या वर्षीच्या यादीत कोणता अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे ते आधी पाहा. अर्ज दोन ठिकाणी करावा लागतो, एक हंगेरीच्या संकेतस्थळावर आणि एक भारताच्या शिक्षण मंत्रालयाकडे. दुसरा राहिला तर भारताकडून नामांकन होत नाही आणि पहिला फुकट जातो. फी माफ, पण महिन्याला हातात येतात 43,700 फोरिंट, शिवाय वसतिगृह किंवा भाड्यासाठी 40,000. एवढ्यात बुडापेस्टमध्ये महिना निघत नाही. तुमचे दहा लाख इथे कामी येतील.

आणि एक. जे. एन. टाटा एन्डाउमेंट, के. सी. महिंद्रा, नरोत्तम सेखसरिया ही नावं प्रत्येक यादीत ‘स्कॉलरशिप’ म्हणून येतात. चांगल्या संस्था आहेत, पण पैसा मुख्यतः कर्जाऊ असतो, महिंद्रा आणि सेखसरियांचा बिनव्याजी. हिशेबात तो कर्जाच्या रकान्यातच लिहा.

अभय

---

प्रेषक: शैलेश

मेधाताई, अभय, मनापासून आभार. रुंडगांगला नक्की जातो. तिच्याकडे निवडक चाळीस फोटो आहेत: लग्नं, दागिन्यांचं प्रॉडक्ट शूट आणि तीन वर्षांची पंढरीची वारी. हेच पाठवावेत का?

---

प्रेषक: मेधा

चाळीस नकोत, आणि हे तिन्ही एकत्र तर नकोच. संस्थेने आकडा दिला असेल तर तो पाळा, नसेल तर 15 ते 20 फोटो, दोन किंवा तीन मालिकांत. निवड समितीला सुटे सुंदर फोटो नको असतात. एकाच गोष्टीकडे ही मुलगी किती काळ आणि कशी बघते, ते त्यांना पाहायचं असतं. लग्न आणि दागिने बाजूला ठेवा, त्या कामात ग्राहकाची नजर असते.

वारीचे फोटो ठेवावेत, पण त्यांची निवड नव्याने करा. रिंगण, उडता बुक्का, तुळस डोक्यावर घेतलेली आजी हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक फोटोग्राफरकडे आहे. तीन वर्षांत तिनेच पाहिलेलं काही असेल, मुक्कामाच्या शाळा, टँकरभोवतीची पहाट, दिंडी गेल्यावरचा रस्ता, तर त्यातले दहा-बारा क्रमाने लावा. सोबत अर्ध्या पानाचं निवेदन, साध्या भाषेत, ‘मी काय बघतेय आणि का’ एवढंच. वारी म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला दोन ओळींत कळलं पाहिजे.

तांत्रिक बाजूला हमखास चुकतं ते रंगांत. कॅमेऱ्यात अडोब आरजीबी ही रंगव्यवस्था ठेवून प्रोफाइल (रंग कसे वाचायचे ते सांगणारी माहिती) न जोडता जेपेग काढली, तर समितीच्या पडद्यावर रंग विटके दिसतात. एसआरजीबी या सर्वसाधारण पडद्यांच्या रंगव्यवस्थेत बदला, प्रोफाइल जोडा, लांब बाजू 2,500 पिक्सेलच्या आसपास ठेवा. पीडीएफ करताना ‘सर्वात लहान फाइल’ हा पर्याय नको, सावल्यांत पट्टे पडतात. तयार पीडीएफ एकदा साध्या लॅपटॉपवर आणि एकदा फोनवर उघडून बघा.

शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना आधी पोर्टफोलिओ दाखवा, नाहीतर ‘मेहनती आणि वक्तशीर’ छापाचं पत्र येतं आणि त्याचा काही उपयोग होत नाही. आणि पदवीचा निकाल लागला की लगेच एपीएस प्रमाणपत्राचा (भारतीय पदवीची जर्मनीसाठी पडताळणी) अर्ज. फी 18,000 रुपये, वेळ लागतो, आणि त्याच्याशिवाय व्हिसाचं काम अडतं.

निवडलेले फोटो मला वेगळ्या मेलवर पाठवायला सांगा तिला. क्रम लावायला बसू.

मेधा