ब्लीच नव्हे, कोड

वर कुणीतरी लिहिलंय की मायकल जॅक्सनने गोरं दिसायला ब्लीच केलं आणि कोडाची स्टोरी नंतर पीआरवाल्यांनी रचली. नाही हो, अजिबात पटलं नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये अमेरिकन टीव्हीवर ऑप्रा विन्फ्रीने घेतलेल्या मुलाखतीत तो स्वतः बोलला होता की त्वचेचा आजार आहे, आणि २००९ मध्ये तो गेल्यावर पोस्टमॉर्टेम रिपोर्टमध्ये व्हिटिलिगो म्हणजे कोड असल्याचं स्पष्ट लिहून आलं. त्यात पीआर कुठून आलं?

आता गोरं होण्याबद्दल, जे इथे कुणीच लिहिलं नाही. माझ्या मावशीला कोड होतं, आधी बोटांच्या पेरांवर, मग ओठांच्या कडेला, मग पसरतच गेलं आणि शेवटी कोपरापाशी तेवढे दोन-तीन सावळे ठिपके उरले, लोक त्या ठिपक्यांनाच डाग समजायचे. कोड इतकं पसरलं की उरलेला रंगही मलमाने घालवून त्वचा एकसारखी करायची, अशी ट्रीटमेंट डॉक्टर देतात, ती हौस नसते. आणि मायकल छत्री घेऊन फिरायचा त्यावर किती हसले लोक! मेलॅनिन म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, ते नसलेली कातडी उन्हात पटकन भाजते. मावशी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातानाही छत्री न्यायची, पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज, भर मे महिन्यात. १९९६ ला तो अंधेरीच्या शोला आला तेव्हा टीव्हीवर त्याला बघून एवढंच म्हणाली, "ह्यालाही माझ्यासारखंच आहे गं."