मदत हवी आहे : मधुमेही आईच्या टॅप ब्लॉकमध्ये कोणते पूरक औषध योग्य ठरेल?

नमस्कार. माझ्या आईची (वय ६८) गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया पुढील आठवड्यात कोल्हापुरातील एका लहान नर्सिंग होममध्ये, पोटावर छेद घेऊन होणार आहे. माझे औषधांचे दुकान असल्याने औषधांची नावे परिचयाची आहेत. भूलशास्त्र मात्र माझा विषय नाही.

शस्त्रक्रिया संपताच सोनोग्राफीत पाहून पोटाच्या दोन्ही बाजूंना स्नायूंच्या थरांमध्ये ब्युपिव्हाकेन हे बधिरीकरणाचे औषध सोडणार (यालाच टॅप ब्लॉक म्हणतात) असल्याचे भूलतज्ज्ञांनी सांगितले. याने पोटाच्या भिंतीचे दुखणे दबते, आतल्या अवयवांची कळ नाही. त्यामुळे पॅरासिटामॉल सुरूच राहील. अडचण वेळेची आहे. नुसत्या औषधाचा परिणाम बहुधा ८ ते १२ तासांत ओसरतो आणि शस्त्रक्रिया दुपारी असल्याने ती वेळ रात्रीची येते, जेव्हा मजल्यावर एकच सिस्टर असतात. मागे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ट्रामाडॉल या वेदनाशामकाने आईला इतक्या ओकाऱ्या झाल्या, की प्रत्येक उबळीला ती टाक्यांवर उशी दाबून धरत होती. ('एवढं सोसायचंच असतंय की', असे आमचे नातेवाईक म्हणतात, मला ते मान्य नाही.)

ब्लॉक लांबवण्यासाठी त्यात डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) किंवा डेक्समेडेटोमिडीन (गुंगीचे औषध) हे पूरक औषध मिसळण्याचा पर्याय समोर आहे आणि आमचे घोडे नेमके येथेच अडले आहे. पहिल्याने साखर वाढते, तर आईचे एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ८.४ आहे. दुसऱ्याने नाडी मंदावते व रक्तदाब उतरतो, तर ती मेटोप्रोलॉल (नाडी व रक्तदाब कमी करणारे औषध) घेते आणि तिची नाडी एरवीही ५६ च्या आसपास असते.

डेक्सामेथासोन शिरेतून दिले तरी ब्लॉक लांबतो असे वाचले आहे. साखर दोन्ही मार्गांनी वाढणारच असेल, तर ते ब्लॉकमध्ये मिसळण्याचा वेगळा लाभ किती? शिवाय माझ्या दुकानातील कुपीवर प्रिझर्व्हेटिव्ह असल्याचे छापले आहे. मज्जातंतूंजवळ देण्यासाठी त्याविना असलेली कुपी आग्रहाने मागावी का? डेक्समेडेटोमिडीन दिल्यास रात्रभर मॉनिटर लावणे पुरेसे ठरेल, की तिच्या बाबतीत ते टाळलेलेच बरे? की पूरक औषधाच्या भानगडीत न पडता कॅथेटर (बारीक नळी) ठेवून बधिरीकरणाचे औषध पुन्हा देण्याविषयी विचारावे?

अंतिम निर्णय भूलतज्ज्ञांचाच राहील. सोमवारी त्यांची भेट ठरली आहे; त्याआधी जाणकारांनी, विशेषतः असे रुग्ण हाताळलेल्या डॉक्टरांनी, कृपया मार्गदर्शन करावे.